न्हाणीघर फोडण्यापूर्वी

खालच्या मजल्यावरच्या काकू पहिल्यांदा सांगायला येतात तेव्हा त्यांच्या छतावर तळहाताएवढा डाग असतो. दुसऱ्यांदा येतात तोवर रंगाचे पोपडे सुटलेले असतात. तिसऱ्यांदा त्या येतात त्या सोसायटीच्या सेक्रेटरींना बरोबर घेऊनच! वीस-पंचवीस वर्षे जुन्या इमारतींत हे थोड्याफार फरकाने घडतेच, आणि मग घरात ‘बाथरूमचे काम काढायचे’ असे ठरते. रविवारी कुणाच्या तरी ओळखीचा गवंडी येऊन बघून जातो, टाइल्सच्या दुकानात एक चक्कर होते आणि सोमवारी सकाळी छिन्नी-हातोडा सुरू. सात फूट बाय चार फुटांची तर खोली, तिच्यासाठी कसले आले आहे नियोजन, असे यजमानांना वाटते.

खरे तर घरातल्या सगळ्या कामांत जास्तीत जास्त नियोजन मागणारे काम हेच. दिवाणखान्याचा रंग मनासारखा उतरला नाही तर पुन्हा देता येतो. न्हाणीघरात जे महत्त्वाचे ते सगळे टाइल्सच्या मागे आणि फरशीच्या खाली गाडले जाते. ते नीट झाले की नाही हे वर्षा-दोन वर्षांनी कळते आणि तेही दुसऱ्याच्या छतावरून. त्यामुळे या कामात पैसा आणि लक्ष, दोन्ही झाकाझाक होण्यापूर्वी घालावे लागते. शेवटच्या दिवशी चकचकीत नळ बघून समाधान मानणाऱ्या घरांतच पुढे भांडणे होतात.

पाणी येते कुठून?

सगळ्यात आधी गळतीचे कारण शोधायला हवे. गळती दोन प्रकारची असते. एक, भिंतीतल्या नळाच्या पाइपची. जुन्या घरांत हे पाइप लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेले असतात आणि ते आतून गंजत जातात. दुसरी, सांडपाण्याची, म्हणजे नहाणी ट्रॅपचा सांधा, संडासाचा सांधा किंवा फरशीच्या फटींतून झिरपणारे पाणी. यातली कुठली, हे ओळखायला साधा उपाय आहे. घर आठ दिवस बंद राहिले, पण टाकीचा कॉक चालू होता आणि तरीही खाली थेंब पडतच राहिले, तर संशय नळाच्या पाइपवर घ्यावा. गळती हळूहळू थांबली, तर दोष सांडपाण्याच्या बाजूला. एखाद-दुसऱ्या दिवसात मात्र निष्कर्ष काढू नये, कारण फरशीखालच्या भरावात मुरलेले पाणी बरेच दिवस झिरपत राहते.

कारण न शोधता जुन्या टाइल्सवरच नव्या टाइल्स चिकटवून देणारे कारागीर आहेत. काम चार दिवसांत होते, राडारोडा होत नाही आणि न्हाणीघर झकास दिसते. गळती पाइपमध्ये असेल तर ती जिथल्या तिथे राहते. शिवाय हे पाणी नुसता डाग पाडून थांबत नाही. ते स्लॅबमधल्या लोखंडी सळयांपर्यंत पोचते, सळया गंजतात, गंजलेले लोखंड फुगते आणि खालून काँक्रीटच्या खपल्या पडू लागतात. म्हणजे शेजारणीच्या तक्रारीत नुसत्या रंगाचा नाही, तुमच्या स्वतःच्या पायाखालच्या स्लॅबचाही प्रश्न असतो.

दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावरून सोसायट्यांच्या सभा तासन्‌तास रंगतात. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये याचे उत्तर आहे. गच्चीतून, बाहेरच्या भिंतींतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपांतून होणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची. घरातल्या संडास-मोरीतून होणारी ज्या त्या सभासदाने. इंदूर, बडोदा, हैदराबादकडच्या वाचकांनी आपापल्या राज्यातल्या संस्थेचे नियम बघावेत. काम सुरू करण्यापूर्वी संस्थेला लेखी पत्र द्यावे आणि कुठल्या वेळात ठोकाठोक चालेल, राडारोडा कुठे ठेवायचा, लिफ्ट वापरता येईल का, हे ठरवून घ्यावे. भिंत काढायची किंवा न्हाणीघराची जागाच हलवायची असेल, तर नुसते पत्र पुरत नाही. त्याला इंजिनियरचा सल्ला आणि महापालिकेची परवानगी लागू शकते.

खालच्या घरी मात्र पत्र न पाठवता स्वतः जावे. काही इमारतींत न्हाणीघराखालची स्लॅब खोलगट असते आणि सांडपाण्याचे पाइप त्या खळग्यातच राहतात. पण अनेक जुन्या इमारतींत ते खालच्या घराच्या छताखाली लटकत असतात. अशा ठिकाणी अर्धे काम शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात शिडी लावूनच करावे लागते! त्यांच्या घरी परीक्षा, बाळंतपण किंवा लग्नकार्य असेल तर तारीख त्यांच्या सोयीने ठरवावी. त्यांच्या छताची डागडुजी आणि रंग हेही आपल्याच खर्चात धरावे. रंग लगेच देऊ नये. छत पुरते वाळायला महिना-दोन महिने लागतात.

कागदावर आधी

एवढे झाले की वही घेऊन बसावे. घरातल्या कुणाला हे न्हाणीघर कसे लागते, हा पहिला प्रश्न. आजी-आजोबा असतील तर अडीच फुटांचे दार, घसरणार नाही अशी खरखरीत फरशी, कमी उंचीचा उंबरठा आणि कमोडशेजारी धरायला दांडा हवा. हा दांडा भिंतीवर साधारण अडीच ते तीन फुटांवर येतो आणि माणसाचा पूर्ण भार पेलतो. तो कुठे येणार हे प्लास्टरपूर्वीच ठरले तर तिथली भिंत भक्कम करून घेता येते. पोकळ बसलेल्या टाइलवर मागाहून ठोकलेला दांडा नेमका आधार हवा त्या वेळी हातात येतो. आज घरात म्हातारे कुणी नसले तरी हे करून ठेवावे. न्हाणीघर काही दर पाच वर्षांनी फोडले जात नाही.

कमोड, नळ, शॉवरचा मिक्सर, गीझर या वस्तू काम सुरू होण्यापूर्वी पसंत करून, शक्यतो घरात आणून ठेवाव्यात. दुकानदार म्हणतो, ‘सावकाश घ्या हो, शेवटी लागते ते.’ ते खरे नाही. मिक्सरचा अर्धा भाग भिंतीच्या आत जातो. काही कमोडचा निचरा जमिनीत असतो, तर काहींचा भिंतीत. जमिनीत असेल तर भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचे अंतर कमोडप्रमाणे बदलते आणि त्यात टाइलची जाडीही धरावी लागते. आधी पाइप टाकून मग कमोड आणला की तो एक तर भिंतीला टेकत नाही, नाही तर बसतच नाही. मग नव्या कोऱ्या टाइल्स फुटतात.

टाइल्सचा हिशेब गृहिणीला घरबसल्या करता येतो. सात बाय चारच्या न्हाणीघराचा घेर 22 फूट. सात फूट उंचीपर्यंत टाइल्स लावायच्या तर 154 चौरस फूट. अडीच बाय सातच्या दाराचे साडेसतरा वजा केले की राहिले साडेछत्तीस वर शंभर. त्यात फूटतूट आणि कापाकापीसाठी दहा टक्के मिळवले की 150 चौरस फूट. बारा बाय अठरा इंचांची एक टाइल दीड चौरस फुटाची, म्हणजे शंभर टाइल्स. जमिनीसाठी 28 चौरस फूट आणि वर दहा टक्के, म्हणजे 31. सगळी खोकी एकाच बॅचची आणि एकाच छटेची आहेत ना, हे खोक्यावरचे आकडे वाचून बघावे. नंतर चार टाइल्स कमी पडल्या तर तीच छटा मिळेलच असे नाही.

आणि आंघोळीचे काय? घरात एकच न्हाणीघर असेल तर हा प्रश्न टाइल्सच्या रंगापेक्षा मोठा असतो. कामाला ‘दोन आठवडे’ सांगितले तर तीन ते चार धरून चालावे. शेजारी, नातेवाईक किंवा सुटीत गावी जाणे, यांपैकी काय ते आधी ठरवावे. होळी-दिवाळीला कारागीर आपापल्या गावी जातात. काम अर्धवट असताना ते गेले तर परत केव्हा येतील हे त्यांनाही सांगता येत नाही.

पैशाचे बोलणे

गवंडी म्हणा, मिस्त्री म्हणा की बडोद्याकडचा कडिया, त्याच्याशी बोलणे दोन पद्धतींनी होते: रोजाने किंवा उक्ते. रोजाच्या कामात घाई नसते पण दिवस लांबतात. उक्त्यात दिवस वाचतात पण कारागिराला घाई होते. छोट्या कामाला मजुरी उक्ती द्यावी आणि माल आपण आणावा, हे मध्यमवर्गीय घराला बरे पडते. मात्र सिमेंटच्या गोणीपासून स्क्रूपर्यंत धावाधाव करणारे कुणीतरी घरात हवे. दोघेही नोकरी करत असतील तर मालासकट काम दिलेले चांगले. त्या वेळी पाइप, कॉक, सिमेंट कुठल्या कंपनीचे, हे लिहून घ्यावे.

कागद एकच पुरे, पण हवा. त्यात कामाचे वर्णन, एकूण रक्कम, मुदत, राडारोडा हलवण्याची जबाबदारी आणि पैशाचे हप्ते असावेत. हप्ते तारखेला बांधू नयेत, कामाच्या टप्प्याला बांधावेत. सुरुवातीला दहा-पंधरा टक्के. मग पाइप आणि वॉटरप्रूफिंग होऊन पाण्याची चाचणी पार पडली की मोठा हप्ता, टाइल्स लागल्यावर त्यानंतरचा, आणि शेवटचे दहा टक्के न्हाणीघर महिनाभर वापरून झाल्यावर. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. निम्मे पैसे आगाऊ मागणाऱ्याला हात जोडावेत. ठरलेल्या रकमेवर पंधरा-वीस टक्के आपल्याकडे वेगळे ठेवावेत. जुनी फरशी उचलल्यावर खाली काय निघेल, याचा नेम नसतो.

बिल पक्के घ्यावे. जीएसटी नोंदणी नसलेल्याला बिलात जीएसटी लावता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे. काम फसलेच तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्कही लागत नाही. पण आयोगापुढे तोंडी बोलण्यापेक्षा तो एक कागद आणि बिले जास्त उपयोगी पडतात.

हातोडा पडल्यानंतर

तोडफोड दोन-तीन दिवसांत आटोपते आणि घरात धुळीचे राज्य येते. नहाणीची आणि संडासाची तोंडे गोणपाटाने घट्ट बंद करून घ्यावीत, नाही तर विटांचे तुकडे सामाईक पाइपात जाऊन आख्खी इमारत तुंबते. राडारोडा रस्त्याकडेला किंवा नाल्यात टाकायला मनाई आहे. महापालिकेच्या नेमलेल्या जागीच तो पोचवायला सांगावे.

सांडपाण्याचे पाइप बसले, वॉटरप्रूफिंगचे थर वाळले की सगळ्यांत महत्त्वाचा दिवस येतो. निचऱ्याची तोंडे बंद करून न्हाणीघरात पाणी भरायचे, पातळीची खूण भिंतीवर करायची आणि निदान एक दिवस, जमल्यास दोन दिवस तसेच ठेवायचे. मग खालच्या घरी जाऊन छत बघायचे. ‘ताई, तीस वर्षं काम करतोय, गळणार नाही,’ असे गवंडी म्हणेल. म्हणू द्यावे आणि पाणी भरावे! कारागिराला हे दोन दिवस रिकामे जातात म्हणून तो टाळतो. म्हणूनच ही चाचणी कागदात आधी लिहिलेली असावी.

नळाच्या नव्या पाइपांची परीक्षाही प्लास्टरपूर्वीच व्हावी. प्लंबर सगळी तोंडे बुचांनी बंद करून हातपंपाने दाब देतो. काही तास पंपावरचा काटा खाली आला नाही, तर सांधे ठीक. त्याच वेळी विजेचे कामही आटोपते. गीझरचे बटण न्हाणीघराबाहेर असावे, अर्थिंग तपासून घ्यावे आणि या लाइनला 30 मिलिअँपियरचा गळती-संरक्षक स्विच बसवावा. त्यात काटकसर नको. सिमेंटच्या प्लास्टरला सात दिवस पाणी मारावे लागते. हे पाणी मारणे सहसा कुणाच्याच वाट्याचे नसते, तेव्हा घरातल्यांनी ते आपल्याकडे घ्यावे.

फरशी बसते तेव्हा घरातले कुणीतरी हजर असावे. सात फुटांच्या लांबीत नहाणीकडे पाऊण ते एक इंच उतार हवा. पट्टी-ओळंबा कळत नसेल तर एक तांब्या पाणी ओतून बघावे. ते वाट शोधत नहाणीकडे गेले तर उतार बरोबर. कोपऱ्यात थबकले तर फरशी ओली आहे तोवरच उचलायला लावावी. वाळल्यावर बोटाने टाइल्स वाजवून बघाव्यात. पोकळ आवाज आलेल्यांवर खडूने फुली मारावी आणि त्या बदलल्यावरच हप्ता द्यावा.

भिंतीत पाइप उघडे असताना प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवायला विसरू नये, आणि मोजपट्टी धरून काढला तर अधिकच चांगले. पुढे आरसा लावायला येणारा मुलगा ड्रिल हातात घेऊन ‘इथून पाइप जातो का हो?’ असे विचारतो, तेव्हा तो फोटो लागतो. उरलेल्या सहा-सात टाइल्स, खोक्यावरचा बॅच नंबर आणि नळांची वॉरंटी कार्डे एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवावीत, आणि पिशवीवर तारीख टाकावी.