सेकंड हँड फॉर्च्युनर घ्यायची? जुनी पिढी की नवी, टोकन देण्याआधी हे वाचा

बुलढाणा : जिल्ह्यात चार पैसे हातात आले की गाडीचा विषय निघतो, आणि गाडीचा विषय निघाला की फॉर्च्युनरचं नाव येतंच. नवी घेणं बहुतेकांच्या आवाक्यातलं नाही. मग व्हॉट्सअॅपवर फोटो फिरू लागतात : पांढरी, व्हीआयपी नंबर, 'सिंगल हँड', 'कंडिशन एक नंबर'. एक गाडी २०११ ची असते, दुसरी २०१७ ची. पहिली बरीच स्वस्त. लांबून पाहिलं तर दोन्ही तितक्याच रुबाबदार. इथेच माणूस फसतो, कारण या दोन गाड्यांचं फक्त नाव एक आहे.

भारतात फॉर्च्युनर ऑगस्ट २००९ मध्ये आली. तेव्हा तिची दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत १८ लाख ४५ हजार होती. ही पहिली पिढी २०१६ पर्यंत विकली गेली. २०१२ मध्ये तिचा चेहरा बदलला, गाडी मात्र तीच राहिली. ७ नोव्हेंबर २०१६ ला दुसरी पिढी आली, किंमत २५ लाख ९२ हजारांपासून ३१ लाख १२ हजारांपर्यंत. तिचाही चेहरा जानेवारी २०२१ मध्ये बदलला आणि लेजेंडर नावाचं मॉडेल सोबत आलं. म्हणून सौद्यात 'नवा शेप', 'जुना शेप' असं कोणी बोललं तर आधी आरसीवरची नोंदणीची तारीख विचारा. २०१० च्या गाडीला नंतरचा बंपर, ग्रिल आणि दिवे बसवून देणारे गॅरेजवाले कमी नाहीत.

आधी वर्ष मोजा

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१० ची गाडी २०२५ मध्ये १५ वर्षांची झाली. २०१३ ची २०२८ मध्ये होईल, २०१७ ची २०३२ मध्ये. स्वस्त गाडी शोधताना हा हिशेब कोणी करत नाही.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते, असा एक समज गावोगाव आहे. तसं नाही. आरटीओत गाडी दाखवून, तपासणीत पास झाली तर पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. पण खर्च आहे. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ५ हजार रुपये झाली, आधी ती ६०० होती. मुदत संपल्यावर उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये जादा. वरून पर्यावरण कर वेगळा. आणि तपासणीत पास व्हायचं म्हणजे ब्रेक, दिवे, धूर, स्टिअरिंग सगळं ठीक करून न्यावं लागतं, खरा पैसा तिथे जातो. विकणाऱ्यानं हे सगळं टाळायला मुदत संपायच्या चार महिने आधी गाडी बाजारात काढली असेल, तर तो स्वस्त का देतोय हे वेगळं सांगायला नको.

जुन्या गाडीला कर्जही सहज मिळत नाही. कर्ज फिटेल तेव्हा गाडी किती वर्षांची असेल, हे बँका आणि फायनान्सवाले बघतात. म्हणजे पहिली पिढी बहुतेक वेळा रोखीनं घ्यावी लागते. घरातली रोकड एकदम निघते, आणि पेरणीच्या तोंडावर बियाण्या-खताला पुन्हा उसनवारी.

इंजिन : जुनं दणकट, पण वय झालेलं

पहिल्या पिढीत ३.० लिटरचं डिझेल इंजिन आहे. ताकद १७१ पीएस, ओढ म्हणजे टॉर्क ३४३ एनएम, गिअर पाच. शेवटी-शेवटी २.५ लिटरचं छोटं इंजिनही आलं होतं. दुसऱ्या पिढीत २.८ लिटरचं नवं इंजिन आलं : १७७ पीएस, टॉर्क मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ४५० एनएम, गिअर सहा. इंजिन लहान झालं, पण ओढ वाढली. गाडी माणसांनी भरून घाट चढताना हा फरक पायाला कळतो. २०२१ नंतरच्या गाडीत ताकद २०४ पीएस आणि ऑटोमॅटिकची ओढ ५०० एनएम झाली. दुसऱ्या पिढीत २.७ लिटरची पेट्रोल गाडीही आहे. ती शोरूममध्ये आणि बाजारातही डिझेलपेक्षा स्वस्त दिसते, पण पेट्रोल पिते. रोज तालुक्याला जाणाऱ्यानं तिच्या नादी लागू नये.

जुन्या ३.० इंजिनाचं नाव चांगलं आहे आणि ते खोटं नाही. पण दोन गोष्टी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिली, टायमिंग बेल्ट. या इंजिनात बेल्ट आहे आणि तो ठराविक किलोमीटरनंतर, साधारण एक ते दीड लाखाच्या आसपास, बदलावाच लागतो. चालता चालता तुटला तर इंजिन उघडायची वेळ येते. बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि किमतीतून तेवढे कमी करा. दुसरी, इंजेक्टर. या पिढीत इंजेक्टर आणि त्यांचे सील हे दुखणं वयानुसार येतं. सकाळी थंड इंजिन चालू करून बघा. आधीच तापवून ठेवलेली गाडी दाखवत असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हणून सांगा. सुरुवातीला टकटक, पांढरा धूर किंवा आयडलला थरथर असेल तर हात आखडता घ्या.

दुसऱ्या पिढीच्या २.८ इंजिनात बेल्टऐवजी चेन आहे, तेवढी एक चिंता कमी. पण २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांमध्ये डीपीएफ आहे. धुरातली काजळी अडवणारी ती जाळी. ती साफ व्हायला गाडी मधूनमधून लांब आणि वेगात चालावी लागते. गावातून फाट्यापर्यंत, फाट्यापासून परत, अशी पाच-सात किलोमीटरचीच चाल असेल तर जाळी भरते आणि मीटरवर दिवा लागतो. आठवड्यातून एकदा समृद्धीवर किंवा अकोला, जालना अशी फेरी होत असेल तर त्रास नाही.

मायलेजचं म्हणाल, तर जुनी ३.० वापरणारे लिटरला नऊ-दहा सांगतात, २.८ वाले दहा-बारा. महिन्याला हजार किलोमीटर चालवली तरी शंभर लिटरच्या आसपास डिझेल लागणारच. टाकी ८० लिटरची आहे, फुल करायची म्हटली की पंपावर आकडा बघवत नाही. दोन टनांच्या आसपासच्या गाडीकडून याहून वेगळी अपेक्षा नको.

'फोर बाय फोर' लिहिलंय, आहे का?

जिल्ह्यातल्या खरेदीदारासाठी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि हिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. रस्त्यावर दिसणाऱ्या फॉर्च्युनरपैकी बऱ्याच टू-व्हील ड्राइव्ह आहेत. फक्त मागची चाकं ओढतात. २०१२ पासून कंपनीनंच तशी गाडी विकली. ती रस्त्यावर छान आहे. पण पाऊस झाल्यावर काळ्या मातीच्या पांदणीत तिचं मागचं चाक एकदा फिरायला लागलं की गाडी जागेवरच बसते, आणि मग लाखोंची गाडी काढायला शेजारचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. मागचा '4X4' चा बिल्ला दुकानात शे-दोनशेला मिळतो. तो बघू नका, आत बघा.

पहिल्या पिढीत खरी फोर बाय फोर असेल तर गिअरच्या शेजारी दुसरा छोटा लिव्हर असतो. दुसऱ्या पिढीत लिव्हर नाही, डॅशबोर्डच्या बाजूला गोल खटका असतो, त्यावर 2H, 4H आणि 4L असं लिहिलेलं असतं. यांतलं काहीच नसेल तर गाडी टू-व्हील आहे, विषय संपला.

दोन्ही पिढ्यांची फोर बाय फोर पद्धतही वेगळी आहे. पहिल्या पिढीत चारही चाकांना कायम ताकद मिळते, मध्ये एक डिफरन्शियल असतं, त्यामुळे डांबरावर, ओल्या घाटात, चिखलात कुठेही चालकाला काही करावं लागत नाही. अगदीच रुतली तर ते डिफरन्शियल लॉक करायचं. दुसऱ्या पिढीत गाडी एरवी मागच्या दोन चाकांवर चालते, गरज पडली की खटका फिरवून पुढची चाकं जोडायची. यानं डिझेल थोडं वाचतं. पण 4H लावून कोरड्या डांबरावर किंवा काँक्रिटवर गाडी पळवायची नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण सुटायला जागा मिळत नाही आणि गिअरच्या भागांवर येतो. आधीच्या मालकाच्या ड्रायव्हरला हे माहीत नसेल तर नुकसान झालेलं असू शकतं. म्हणून बघायला गेलात की गाडी मोकळ्या मातीत न्या, 4H आणि 4L दोन्ही लावायला सांगा. दिवा नुसता लुकलुकत राहिला, किंवा खालून खरखर, धडधड आली, तर मेकॅनिक दाखवल्याशिवाय बोलणी नको. बरेच मालक वर्षानुवर्षं तो खटका फिरवतच नाहीत, आणि न वापरून तो भाग अडकतो.

शेतात जायचंच नसेल तर टू-व्हील घ्या, पैसे वाचतील. पण फोर बाय फोरच्या किमतीत टू-व्हील घेऊ नका.

घरच्यांना घेऊन जाणार असाल तर

पहिल्या पिढीला दोन एअरबॅग आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. एवढ्या जड आणि उंच गाडीला घाट उतरताना ते कमी वाटतात, अशी तक्रार तेव्हापासून होती. दुसरी पिढी सात एअरबॅग आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा घेऊन आली. शेगावला दर्शनाला, लग्नकार्याला सहा-सात जणांना घेऊन बोथा घाटातून जाणाऱ्याला हा फरक किमतीपेक्षा मोठा आहे. कोणतीही पिढी घ्या, टायरची तारीख मात्र वाचा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '१२१८' म्हणजे २०१८ चा बारावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी सात-आठ वर्षांचं रबर मे महिन्यात समृद्धीच्या तापलेल्या काँक्रिटवर १२० च्या वेगात नेऊ नये. टायर बदलायचे असतील तर तेही किमतीत धरा.

दिल्लीची गाडी, स्वस्त गाडी

दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर दिल्ली परिसरात राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ती कायम ठेवली. तेव्हापासून तिकडच्या पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनर इतर राज्यांत येऊ लागल्या. सगळ्या वाईट नसतात. पण दुसऱ्या राज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी लागते, इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार पुन्हा भरावा लागतो. हा आकडा एजंट कधीच स्वतःहून सांगत नाही. बुलढाण्याच्या आरटीओत आरसीची झेरॉक्स घेऊन जा, एमएच-२८ करायला किती लागतील आणि त्या गाडीची नोंदणी होईल का, हे विचारून मगच टोकन द्या. पुरात बुडालेल्या गाड्याही याच वाटेनं येतात. सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा, शेवटच्या टोकाला मातीचा डाग दिसतो. सीटखालचे लोखंडी रूळ गंजलेले असतील तर गाडी सोडा.

कागदांत आणखी एक सापळा आहे. सही केलेले कोरे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सोबत देऊन गाड्या हातोहात विकल्या जातात, नावावर कोणी करत नाही. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं की, अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. विकणाऱ्यासाठी हा धोका आहेच. घेणाऱ्याचाही आहे, कारण विमा जुन्या नावावर राहिला तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. एम-परिवहन अॅपवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, विमा आणि मुदत बघा, चलनं वेगळी तपासा. बोजा असेल तर फायनान्सची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी पाटी बसलीय का, तेही बघा.

मग कोणती?

घरची एकच गाडी असेल, पाच-सात वर्षं वापरायची असेल आणि बायका-मुलं बसणार असतील, तर २०१७ ते २०१९ ची दुसऱ्या पिढीची डिझेल. थोडं थांबून, थोडे पैसे जास्त जमवून घेतली तरी परवडते. घरात दुसरी गाडी आहे, शेत आडवाटेला आहे, ओळखीचा चांगला मेकॅनिक आहे, अशांनी २०१३ ते २०१६ ची पहिल्या पिढीची खरी फोर बाय फोर जरूर बघावी. ती पद्धत आजही शेतरस्त्याला सोपी आहे. २००९ ते २०११ च्या गाड्या, कितीही चमकत असल्या तरी, नोंदणी वाढवून मिळाल्याचा कागद समोर असल्याशिवाय घेऊ नयेत.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, मीटर मागे फिरवणं अवघड राहिलेलं नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबरवरून जुन्या सर्व्हिसची नोंद सापडते, विकणाऱ्यालाच सोबत नेऊन ती काढायला लावा. नेत्याच्या ताफ्यात पळालेली गाडी असेल तर तिथे कळतं. तीन वर्षांत दीड लाख किलोमीटर आणि पुढे अचानक नोंदच बंद, असं दिसलं तर विचारा.

चाचणी गावातल्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. बुलढाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाट उतरा आणि लगेच परत चढा. एसी चालू ठेवा, चार माणसं बसवा. उतरताना ब्रेकचा पॅडल खोल जातो का, स्टिअरिंग थरथरतं का हे बघा. चढताना टेम्परेचरचा काटा आणि मागचा धूर बघा. वर आल्यावर बॉनेट उघडून कूलंट आणि ऑइलचा वास घ्या. टोकन दिलंच तर चिठ्ठीवर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, ठरलेली किंमत, चलनं कोण भरणार आणि नोंदणी किंवा एनओसीत अडचण आली तर टोकन परत मिळेल, एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या.