उडण्याआधीची परीक्षा

पेरणीच्या आदल्या दिवशी जाणता शेतकरी तिफण अंगणात काढतो. चाडे झाडतो, नळ्या तुंबल्या आहेत का ते पाहतो, दोऱ्या ओढून बघतो. एकदा वापसा आला की दुरुस्तीला सवड नसते, हे त्याला ठाऊक असते. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत काही हौशी माणसे अगदी अशीच तयारी करतात. फक्त त्यांच्यापुढे तिफण नसते, विमान असते!

या विमानात माणूस बसत नाही. जमिनीवर उभे राहून, हातातल्या पेटीने, रेडिओच्या लहरींवर ते चालवायचे. पण खेळणे म्हणून हसू नका. मोठ्या विमानांत गणले जायला एकपंखी विमानाची रुंदी निदान ८० इंच लागते. ५० सीसी इंजिनाचे विमान सात फुटांहून रुंद आणि सात-आठ किलो वजनाचे भरते. ते कोलांट्या घेते, उलटे उडते, नाक वर करून हवेत लटकते. अशा कसरतींची एक मोठी स्पर्धा १९७४ साली लास व्हेगास येथे सुरू झाली. पहिला मान ऑस्ट्रियाच्या हान्नो प्रेटनर यांनी पटकावला. २००२ नंतर ती बंद पडली, हौस मात्र टिकली.

याचे इंजिन आपल्या ओळखीचे आहे. पाठीवरच्या फवारणी पंपाला असते तसेच टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून चालणारे. १९७० च्या दशकात काही हौशींनी लाकूड कापायच्या करवतीची इंजिने काढून विमानाला बसवली, तेथून ही जात वाढली.

तोल सांभाळा

बैलगाडी भरताना ओझे मागे गेले तर गाडी उलाळ होते, पुढे आले तर बैलांच्या मानेवर भार येतो. विमानाचेही तसेच. बनवणाऱ्याने सांगितलेल्या जागी पंखाखाली बोटे लावून विमान उचलायचे. टाकी रिकामी हवी. नाक किंचित जड असले तर विमान सुस्त उडेल, पण हाती राहील. शेपूट जड असले तर ते हाताबाहेर जाईल. बॅटऱ्या पुढे-मागे सरकवून तोल साधतात.

उजवे ते उजवेच ना?

पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडांना हलत्या झडपा असतात. छोट्या विजेच्या मोटारी त्या हलवतात. विमानाच्या मागे उभे राहून पेटीवरची काडी उजवीकडे दिली, तर उजव्या पंखाची झडप वर आणि डाव्याची खाली गेली पाहिजे. हे उलटे झाले तर उजवीकडे वळवू जावे आणि विमान डावीकडे कलंडावे! जमिनीवर ही चूक अर्ध्या मिनिटात सुधारते. हवेत तिला दहा सेकंदही मिळत नाहीत, आणि कित्येक महिन्यांच्या मेहनतीचा चुरा होतो.

रेडिओ आणि स्क्रू

पेटीची शक्ती मुद्दाम कमी करून तीसेक पावले दूर जायचे आणि सर्व झडपा हलतात का ते पाहायचे. आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू करून. कारण प्लगच्या ठिणगीने कधीकधी रेडिओत खरखर येते. मग पेटी बंद करून बघायची. संदेश तुटताच इंजिन आपोआप मंद झाले किंवा थांबले पाहिजे. इंजिनाच्या हादऱ्याने स्क्रू सैल होतात, म्हणून प्रत्येकाला चिकटद्रव लावून पुन्हा आवळतात.

पंख्यापुढे उभे राहू नये

पंखा २२-२३ इंचांचा, मिनिटाला सहा हजारांवर फेरे घेणारा. तो बोटे तोडतो. म्हणून साथीदार शेपूट घट्ट धरतो, चालू करणारा हातात जाड चामडी मोजा घालतो, आणि बाकीचे सगळे पंख्याच्या मागे उभे राहतात. इंजिन मंद आणि वेगात नीट चालते का, एकदम गती दिली तर अडखळते का, हे जमिनीवरच पाहतात. अडखळले तर त्या दिवशी उड्डाण नाही.

मग उड्डाण

वारा पडलेली सकाळ निवडतात. वाऱ्याच्या तोंडावर धाव घेऊन विमान चढवतात आणि आधी पुरेशी उंची गाठतात, म्हणजे चूक झाली तरी सावरायला जागा राहते. सरळ उडते का ते पाहायचे, वरच वेग कमी करून ते कधी ढासळते ते जाणून घ्यायचे, आणि पाच-सहा मिनिटांत खाली आणायचे. पहिल्या दिवशी कोलांट्या नाहीत! उतरल्यावर पुन्हा सगळे स्क्रू तपासायचे.

आता आपल्या शिवारातही फवारणीचे ड्रोन दिसू लागले आहेत. आपल्या देशात २०२१ पासून त्यांना नियम लागू झाले आहेत, ते पाळावेतच. पण नियमांच्याही आधी एक गोष्ट घरातल्या मुलांना शिकवण्याजोगी आहे. ड्रोन असो, फवारणी पंप असो की तिफण, यंत्राची चूक घरी सापडली तर ती चूक असते. कामाच्या वेळी सापडली तर ते नुकसान असते.