सायकलची निगा : अवजारांची एक लहान पेटी

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस, मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जाणाऱ्या वाटेवर गोखिवरे वसले आहे. आज ते वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत असून भोवती लहानमोठे कारखाने उभे आहेत. पाळीला निघालेला कामगार असो वा शाळकरी मूल, ज्याच्यापाशी दुसरे वाहन नाही त्याला सायकलचाच आधार. परंतु एका बाजूस समुद्र व खाडी, दुसऱ्या बाजूस तुंगारेश्वराचे डोंगर. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे लोखंड येथे लवकर गंजते. म्हणून सायकल घेण्याइतकीच ती राखणेही अगत्याचे आहे.

हा प्रश्न एका गावापुरता नाही. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील मागास तालुक्यांत इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य देण्यात येते. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आली. सायकल मिळाली, पण एका पंक्चरपायी ती पडवीत उभी राहिली, तर शाळेची वाट पुन्हा लांबते. अशा वेळी महागड्या यंत्रसामग्रीची नव्हे, तर एका लहान पेटीची गरज असते.

पेटीत काय असावे

हवेचा पंप, टायर उचलण्याच्या दोन-तीन पट्ट्या, पंक्चरचे रबर, सोल्यूशन व पॉलिश पेपर, निरनिराळ्या मापांचे पाने, एक स्क्रू-पाना, पेचकस, स्पोक आवळण्याची चावी, तेलाची कुपी व जुने फडके. यांखेरीज व्हॉल्वची रबरी नळी आणि ब्रेकची रबरे जादा ठेवावीत. पंक्चरचे सामान व ही रबरे सोडल्यास बाकी बहुतेक अवजारे वर्षानुवर्षे टिकतात.

हवा आणि साखळी

चाकातील हवा गेली म्हणजे पंक्चरच झाले असे नव्हे. साध्या सायकलीच्या व्हॉल्वमधील रबरी नळी कुजल्यानेही हवा जाते. ती आधी पाहावी. पंक्चर असल्यास ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुड्यांवरून छिद्र शोधावे. तो भाग घासून सोल्यूशन लावावे व ते जरा सुकल्यावरच रबर चिकटवावे. टायरच्या आतून बोट सावधपणे फिरवून काटा वा तार काढून टाकावी, अन्यथा नवे पंक्चर तेथेच होते.

पावसात भिजलेली साखळी कोरडी पुसून प्रत्येक सांध्यावर पातळ तेलाचा एकेक थेंब सोडावा व वरचे तेल पुसून घ्यावे; जादा तेल धूळ धरते. खोबरेल थंडीत थिजते, म्हणून ते टाळावे. साखळी झिजली की नाही, हे शाळेतील फूटपट्टीनेही समजते. कोणत्याही खिळीच्या मध्यापासून पुढील चोविसाव्या खिळीच्या मध्यापर्यंतचे अंतर बरोबर १२ इंच असावे. ते १/८ इंचाने वाढलेले आढळल्यास साखळी बदलावी. नाहीतर ती चक्राचे दातेही खाते.

पेडल काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने आवळते. हे न जाणता जोर लावल्यास आटे कायमचे जातात.

ब्रेक : जिवाशी संबंध

ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक फारच कमी लागतो. यासाठी पावसात वेग आधीच कमी करावा आणि ब्रेक हलकेच दाबून रिमवरील पाणी निपटून घ्यावे. झिजलेली रबरे वेळीच बदलावीत. रिमवर तेलाचा थेंबही पडू देऊ नये. अवजड वाहनांच्या रस्त्यावर घंटी, मागील लाल परावर्तक व रात्री दिवा हवाच.

शाळेने करावयाचे काम

प्रत्येक शाळेत किंवा पंचायतीच्या कार्यालयात अशी एक पेटी ठेवून तिची जबाबदारी एका शिक्षकाकडे सोपवावी. गावातील सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिरास बोलावून मुलामुलींना प्रात्यक्षिक दाखवावे. दर शनिवारी अर्धा तास हवा, साखळी व ब्रेक यांच्या तपासणीस द्यावा. सायकल वाटपाची नोंद कागदावर होते. ती सायकल पुढील पावसाळ्यानंतरही शाळेच्या फाटकाशी उभी दिसणे, हीच त्या खर्चाची खरी पावती होय.