नवी रॅम ३२०० ची, लॅपटॉप दाखवतो २४०० : दुकानदाराने फसवलं का?

सात-आठ वर्षांचा लॅपटॉप. क्रोममध्ये पाच-सहा टॅब उघडले की पंखा घोंघावायला लागतो. नवा घेणं परवडत नाही, म्हणून बेंगळूरच्या एसपी रोडवरून किंवा सिकंदराबादच्या सीटीसीमधून, नाहीतर सरळ ऑनलाइन, ८ जीबीची रॅम मागवली जाते. पाकिटावर ठळक अक्षरात ३२००. बसवून झाल्यावर टास्क मॅनेजर उघडला, तर तिथे २४००! आता परत पाठवायची, की दुकानदाराशी भांडायचं?

भांडायच्या आधी थोडं थांबा. बहुतेक वेळा यात फसवणूक नसते.

रॅमवर छापलेला आकडा हा तिचा कमाल वेग असतो. प्रत्यक्षात ती किती वेगाने चालणार, हे तिघांच्या मर्जीवर असतं : प्रोसेसर, आधीपासून बसवलेली जुनी स्टिक आणि लॅपटॉपचा बायोस. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर आजकाल प्रोसेसरच्या आतच असतो आणि त्याची मर्यादा कारखान्यातच ठरलेली असते. इंटेलच्या आय५-६२००यू किंवा आय५-७२००यू मध्ये डीडीआर४ ची मर्यादा २१३३, आय५-८२५०यू मध्ये २४००, आय५-१०२१०यू मध्ये २६६६. म्हणजे आय५-८२५०यू असलेल्या लॅपटॉपमध्ये ३२०० ची रॅम टाकली तर ती २४०० वरच चालणार. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकला की मिळते.

दुसरी अट जुन्या स्टिकची. चोर्ला घाटात पुढे माल भरलेला ट्रक असला, की मागच्या नव्या कोऱ्या गाडीचा वेगही ट्रकइतकाच. रॅमचंही तसंच. जुनी २१३३ ची आणि नवी ३२०० ची स्टिक एकत्र लावली, तर दोन्ही २१३३ वर चालतात. प्रत्येक स्टिकवर एक बारीक चिप असते, तिच्यात त्या रॅमला झेपणाऱ्या वेगांची नोंद असते. लॅपटॉप चालू होताना बायोस दोन्ही नोंदी वाचतो आणि सगळ्यांना जमेल तो वेग धरतो. खात्री करायची असेल तर जुनी स्टिक काढून फक्त नवीवर लॅपटॉप चालू करा. आकडा वाढला, तर अडसर जुन्या स्टिकचा होता. काही पातळ लॅपटॉपमध्ये जुनी रॅम मदरबोर्डलाच डाखलेली असते. तिथे ही चाचणी करता येत नाही.

आणखी एक घोळ अर्ध्या आकड्याचा. सीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर बरेच जण वापरतात. त्यात २४०० ऐवजी १२०० च्या आसपासचा आकडा दिसतो आणि माणूस हादरतो. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट : घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा डेटा जातो. सीपीयू-झेड ठोके मोजतं, टास्क मॅनेजर डेटाच्या फेऱ्या. सीपीयू-झेडचा आकडा दुप्पट करा, हिशेब जुळेल. डीडीआर३ वर ८०० दिसलं तर तुमची रॅम पूर्ण १६०० वर धावते आहे.

गेमिंगच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही स्टिकची गोष्ट वेगळी. त्यांचा छापील वेग एक्सएमपी नावाच्या खास सेटिंगवर मिळतो आणि साध्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये हे सेटिंग सहसा नसतंच. अशी रॅम मग तिच्या साध्या, कमी वेगावर चालते. जुन्या लॅपटॉपसाठी या चकचकीत मालावर जादा पैसे घालू नयेत, असं आमचं स्पष्ट मत. त्यात २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव जगभर चढलेले आहेत.

आकड्यापेक्षा जोडी महत्त्वाची

मुळात २४०० आणि ३२०० मधला फरक रोजच्या कामात जाणवतो का? फारसा नाही. मागितलेला डेटा यायला सुरुवात होईपर्यंतचा वेळ साध्या २४०० च्या आणि साध्या ३२०० च्या रॅममध्ये जवळपास सारखाच, सुमारे १४ नॅनोसेकंद. फरक पडतो तो एका वेळी किती डेटा वाहून नेला जातो यात, आणि तिथे वेगापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ड्युअल चॅनल. २४०० ची एकच स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी डेटा नेते. ३२०० ची एक स्टिक २५.६ जीबी. पण २४०० च्याच दोन स्टिक दोन स्लॉटमध्ये लावल्या तर ३८.४ जीबी. एकपदरी रस्त्यावर गाडी जोरात पळवण्यापेक्षा रस्ता दुपदरी करणं केव्हाही बरं. ज्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, तिथे तर हे फारच उपयोगी, कारण चित्र दाखवायचं कामही याच रॅममधून चालतं.

म्हणून ८ जीबीची एक महागडी स्टिक एकटी लावून जुनी ४ जीबीची खणात टाकून देऊ नका. दोन्ही लावा. ४ आणि ८ अशी विजोड जोडी असली तरी इंटेलच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये पहिले ४ अधिक ४ जीबी ड्युअल चॅनलमध्ये चालतात, उरलेले ४ एकेरी.

डीडीआर३ च्या काळातला, म्हणजे साधारण २०१२ ते २०१५ मधला लॅपटॉप असेल तर मात्र खरेदीआधीच जपायला हवं. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर३एल १.३५ वर चालते. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या लॅपटॉपना ‘एल’वालीच लागते. साधी टाकली तर बहुधा स्क्रीन काळीच राहते. दुकानात जुनी स्टिक सोबत न्या, तिच्यावरचं लेबल दाखवा.

रॅम टाकूनही मंदच?

वेग बरोबर, जोडी बरोबर, तरी लॅपटॉप रखडतोय? मग दोष रॅमचा नसावा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना बघा. तो सतत ९५-१०० टक्के दाखवत असेल, तर जुनी फिरती हार्ड डिस्क धापा टाकते आहे. ती सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, साधी सॅटा एसएसडी ५०० च्या वर. खिशात एकाच गोष्टीपुरते पैसे असतील आणि लॅपटॉपमध्ये आधीच ८ जीबी रॅम असेल, तर आधी एसएसडी घ्या. ८ जीबी टाकूनही ‘वापरण्याजोगी’ रॅम तीन-सव्वातीन जीबीच दिसत असेल, तर विंडोज ३२ बिटची आहे. ती ६४ बिटची टाकावी लागेल. ७.८ जीबी दिसणं मात्र ठीक, थोडी रॅम ग्राफिक्स स्वतःकडे ठेवतं.

खर्च करण्याआधी हेही लक्षात घ्या, की विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. त्याआधीच्या लॅपटॉपवर पैसे घालताना लिनक्स टाकायची तयारी आहे का, ते ठरवा.

आता फसवणुकीबद्दल. ती होतच नाही असं नाही. सीपीयू-झेडमध्ये एसपीडी नावाचा भाग आहे. तिथे एकेक स्लॉट निवडला की त्या स्टिकची कंपनी, पार्ट क्रमांक, कमाल वेग आणि बहुधा बनवल्याचा आठवडा व वर्षही दिसतं. बिलावर ‘नवी’ लिहिलंय आणि इथे २०१७ दिसतंय, किंवा लेबलवर ३२०० आणि आत कमाल २४०० नोंदलंय, तर या पानाचा फोटो काढून दुकानात जा.

बसवताना लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, बॅटरी निघत असेल तर तीही बाहेर. पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, उरलासुरला करंट निघून जातो. स्टिक तिरकी घालून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या क्लिप खट्कन बसल्या पाहिजेत. चालू करताना बीप वाजले किंवा स्क्रीन काळी राहिली, तर स्टिक काढून परत बसवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मध्येच निळी स्क्रीन येत असेल तर स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधा आणि चाचणी रात्री लावून ठेवा. त्यात चूक निघाली, तर एकेक स्टिक वेगळी लावून पुन्हा तीच चाचणी करा. जिच्यावर चूक येते ती वॉरंटीत बदलून घ्या, आणि तोपर्यंत बिल जपून ठेवा.