ओक वृक्षांचे क्रमविकासात्मक नातेसंबंध : डीएनएवर आधारित अभ्यास

प्रस्तावना :
ओक (क्वेर्कस) या प्रजातीत ४०० हून अधिक जातींचा समावेश होतो. हिमालयातील बांज हा याच प्रजातीतील वृक्ष होय. पाने, साल व फळे यांवरून ओकच्या जाती ओळखल्या जात असल्या, तरी एकाच जातीत पानांचे आकार भिन्न आढळतात. शिवाय वाऱ्याने परागण होत असल्याने जवळच्या जातींत संकर घडतो. त्यामुळे या जाती खरोखरच स्वतंत्र आहेत काय, हा वादाचा विषय ठरला. डीएनएच्या अभ्यासातून त्याचे मिळालेले उत्तर पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हरितलवकातील डीएनए :
ओकमध्ये हा डीएनए केवळ मातृवृक्षाकडून पुढील पिढीत जातो. १९९१ मध्ये व्हिटमोर व शाल यांना पूर्व अमेरिकेतील पांढऱ्या ओकांत असे आढळले की, दूरच्या सजातीय वृक्षांपेक्षा एकाच परिसरातील भिन्न जातींच्या वृक्षांत हा डीएनए अधिक जुळतो. अर्थात, संकराद्वारे त्याने जातींच्या सीमा ओलांडल्या होत्या. युरोपात याच डीएनएवरून हिमयुगानंतर ओक इबेरिया, इटली व बाल्कन प्रदेशांतून उत्तरेकडे कसे पसरले, हे २००२ मध्ये मांडण्यात आले. तात्पर्य, हरितलवकातील डीएनए जातीपेक्षा स्थळाचा इतिहास अधिक सांगतो.

केंद्रकातील डीएनए :
केंद्रकातील डीएनए मात्र दोन्ही जनकांकडून येतो. विशिष्ट विकरांनी तो ठरावीक ठिकाणी छेदून, त्या छेदांलगतच्या हजारो तुकड्यांचा क्रम वाचता येतो. या पद्धतीने अँड्र्यू हिप व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सुमारे २५० जातींतील ६३२ वृक्षांचा वंशवृक्ष प्रसिद्ध केला. त्यानुसार ओकचा उगम सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वीचा ठरतो. प्रजातीच्या दोन मुख्य शाखा स्पष्ट होतात : पांढऱ्या व लाल ओकांची शाखा, आणि बांज जिच्यात मोडतो ती जुन्या जगापुरती मर्यादित शाखा. संकराच्या खुणा असूनही बहुतेक जाती स्वतंत्र गट म्हणून टिकून असल्याचे दिसते. मात्र जनुकसंचाचा कोणताही एकच भाग हा संपूर्ण इतिहास सांगत नाही.

निष्कर्ष :
एका जनुकाचा वंशवृक्ष म्हणजे जातींचा वंशवृक्ष नव्हे. प्रजननात्मक विलगता हाच जातीचा निकष मानणारी व्याख्या ओकच्या बाबतीत अपुरी पडते. वर्गात जातिसंकल्पना शिकविताना ही मर्यादा विद्यार्थ्यांसमोर मांडणे आवश्यक आहे.