दाबलेला कापूस, ताणलेली पट्टी

लोणारचं विवर बघायला जगभरातून माणसं येतात. बसाल्टच्या खडकात अवकाशातून आलेल्या पाषाणाने पाडलेला १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. जोराचं याहून मोठं प्रात्यक्षिक बुलढाणा जिल्ह्यात दुसरं नाही. माझं मन मात्र रमतं ते खामगावात, कापसाच्या गठाणीपाशी. लोणारला आदळलेला जोर क्षणात संपला. गठाणीतला जोर रात्रंदिवस चालू असतो.

पुस्तकी भाग आधी उरकून टाकू. न्यूटनने १६८७ साली गतीचे तीन नियम छापले: जोराशिवाय गती बदलत नाही, जितका जोर तितका बदल, आणि प्रत्येक जोराला तेवढाच उलटा जोर. वस्तू जागची हलत नाही म्हणून तिच्यावर जोर नाही असं मात्र नव्हे, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

आता जिनिंगमध्ये या. कातडी रूळ फिरतो, घर्षणाने कापसाचे तंतू ओढून घेतो. रुळाला चिकटून बसलेल्या पात्याखालून तंतू निसटतात, सरकी मात्र जाडीमुळे अडते. शेजारचं हलतं पातं तिला टोले देत राहतं. ओढ आणि अडथळा यांच्या झटापटीत सरकी सुटते. क्विंटलभर कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते.

ही रुई वजनाला कमी आणि आकाराला अवाढव्य. जलंब-खामगाव रेल्वे १८७० साली सुरू झाली ती कापसासाठीच. पण सैल रुई भरली तर वाघीण वजनाने भरण्याआधी जागेनेच भरते. भाडं हवेचं द्यावं लागतं. म्हणून प्रेसिंग. पास्कलचा सिद्धांत इथे राबतो: लहान दट्ट्यावर दिलेला दाब तेलातून मोठ्या दट्ट्यापर्यंत जसाच्या तसा पोचतो. मोठ्याचं क्षेत्रफळ शंभरपट असेल तर जोरही शंभरपट, पण सरकतो तो शंभरावा हिस्साच. फुकटात काही नाही. पाचेक क्विंटल कापसातली रुई अशी एका १७० किलोच्या गठाणीत बसते.

प्रेस उघडण्याआधी पट्ट्या आवळतात. प्रेसचा जोर निघाला की त्याची जागा पट्ट्या घेतात. वाकलेला प्रत्येक तंतू सरळ व्हायला बघतो, बाहेर रेटतो. पट्टी तेवढीच आत खेचते. मी एकदा वाकून पट्टीचा जोड न्याहाळत होतो, तर तिथला हमाल खेकसला, "भाऊ, मांगं सरका! पट्टी तुटली त डोया जाईन." न्यूटनचा तिसरा नियम इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितला नव्हता.

बैलगाडीच्या चाकाची धावही याच जातीची, जोर मात्र उलटा. लोखंडी धाव तापवून फुगवायची, लाकडी चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचं. लोखंड आकसतं, आरे तुंब्यात घट्ट रुततात. इथे आवळणारं लोखंडच हट्टी. लाकूड निमूट दबून घेतं.

सूतगिरणीत गठाण आली की पट्ट्या कापून तिला काही काळ तशीच मोकळी ठेवतात. ती फुगते, तरी जिनिंगमधल्या मूळ आकाराला पोचत नाही. दाबताना खर्चलेल्या कामातलं काही तंतूंच्या घर्षणात उष्णता होऊन गेलेलं असतं. स्प्रिंग घेतलेलं परत देते. कापूस थोडं ठेवून घेतो. शाळेच्या प्रयोगशाळेत स्प्रिंगच टांगलेली असते, म्हणून खामगाव-मलकापुरातल्या विज्ञानशिक्षकांनी हंगामात एक दिवस वर्ग जिनिंगमध्ये भरवावा, असं माझं ठाम मत आहे. फक्त पट्टीपासून चार हात लांब.