विलायतेंतील औषधपाणी

इंग्लंडांत शिकावयास गेलेल्या मुलामुलींकडे त्यांचे आईबाप महिना दोन महिने राहून येतात, हें आतां नवलाचें राहिलें नाहीं. निघतांना लोणचीं, पापड, भाजणी यांची जेवढी चिंता वाहिली जाते, तेवढी आजारपणाची वाहिली जात नाहीं. कारण तिकडे औषधपाणी फुकट असतें, अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. ती अर्धीच खरी असल्यामुळें अधिक घातक आहे, असें आम्हांस वाटतें.

५ जुलै १९४८ रोजीं, आरोग्यमंत्री अ‍ॅन्युरिन बेव्हन यांच्या कारकीर्दींत, ब्रिटनमध्यें राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. रोग्याची ऐपत न पाहतां गरज पाहावी व खर्च मुख्यत्वें सरकारी करांतून भागवावा, हें तिचें तत्त्व. परंतु तिचा हक्क पासपोर्टावर नसून वास्तव्यावर अवलंबून आहे. परदेशीं स्थायिक झालेला ब्रिटिश नागरिक पाहुणा म्हणून परतला, तर त्यासही रुग्णालयांत सामान्यतः पैसे पडतात!

विद्यार्थ्यांस सहा महिन्यांहून अधिक मुदतीचा व्हिसा मागतांना आरोग्य-अधिभार आगाऊ भरावा लागतो. ही पद्धत २०१५ सालीं सुरू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्यें विद्यार्थ्यांसाठीं दर सालीना ७७६ पौंड ठरला. तो भरल्यावर उपचार बहुतेक तेथील रहिवाशांप्रमाणेंच मिळतात. दांतांचा व चष्म्याचा खर्च निराळा. तेथें पोंचतांच जवळच्या डॉक्टरकडे नांव नोंदवावें. आजारी पडेपर्यंत थांबूं नये.

खरी अडचण आईबापांची. ते पाहुण्याच्या व्हिसावर जातात. अधिभार नाहीं, म्हणून हक्कही नाहीं. इंग्लंडांत अपघात-विभागांत तपासणी व तातडीचा इलाज फुकट होतो, आणि तेवढ्यावरून मनुष्य निर्धास्त होतो. परंतु रुग्णालयांत दाखल करून घेतलें कीं हिशेब सुरू होतो, व तो तेथील ठरीव दराच्या दीडपट असतो. जिवावर बेतलें असतां पैशासाठीं उपचार अडवीत नाहींत, हें कबूल केलेंच पाहिजे. पण बिल मागाहून येतेंच. ५०० पौंड वा अधिक रक्कम दोन महिने थकली, तर पुढें व्हिसा नाकारला जाऊं शकतो. म्हणजे एका दुखण्यानें लेकीच्या घरची वाटच बंद व्हावयाची.

म्हणून जाण्यापूर्वीं प्रवासाचा विमा उतरावा. अर्जांत मधुमेह, रक्तदाब, जुना हृदयविकार लपविण्याची आपल्याकडे मोठी खोड आहे. हप्ता कमी व्हावा, एवढाच हेतु. पण लपविलेल्या रोगापायीं खर्च उद्भवला तर कंपनी तो देण्याचें नाकारूं शकते. आणि सांगितलेला जुना रोगही प्रत्येक विम्यांत धरलेला असतोच असें नाहीं. यास्तव अटींचा कागद मुलांनीं घरीं मोठ्यानें वाचून त्याचा मराठींत अर्थ सांगावा. बारीक अक्षर आहे खरें, परंतु वरच्या वर्गांतील मुलांच्या इंग्रजीस तें झेपण्याजोगें आहे. रोजचीं औषधें मूळ वेष्टनांत, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, हातपिशवींत ठेवावीं.